खेड्यातले ऑपरेशन : हात, भूल आणि रक्त

रात्रीचे अकरा वाजले आहेत. बाईला कळा सुरू होऊन दीड दिवस झाला, मूल आडवे आहे, आणि सुईण आता हात टेकून बसली आहे. घरातली माणसे वाहन शोधतात, उसने पैसे गोळा करतात. वाहन मिळते, पैसेही मिळतात. पण खरा प्रश्न पुढेच असतो : जायचे कुठे? तालुक्याला रुग्णालयाची इमारत आहे. थेटर आहे, टेबल आहे, टेबलावरचा मोठा दिवाही आहे. पण सर्जनची जागा रिकामी आहे. किंवा सर्जन आहे, भूल देणारा नाही. किंवा दोघेही आहेत आणि रक्ताची बाटली नाही. मग दारावरचे मामा सांगतात, "इथं नाही व्हायचं, पुढं न्या." आणि गाडी तशीच पुढे जिल्ह्याच्या वाटेला लागते.

श्रोतेहो, बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांत माणूस दगावू शकते. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक आयोगानेही दोन तासांचेच माप धरले. पोट कापून केलेले बाळंतपण, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि हाड मोडून बाहेर आले असता करावयाचे उपचार, या तीन गोष्टी दोन तासांच्या अंतरावर मिळाल्या पाहिजेत, असे त्या आयोगाने सांगितले. जगातील पाचशे कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असा त्याचा हिशेब होता. आपल्याकडे ही ओढाताण कशी चालत आली, ते आज पाहू.

इंग्रजी अमलापूर्वी खेड्यात चाकू-सुईचे काम अजिबात नव्हते असे नाही. गळू न्हावी फोडी, हाड हाडवैद्य बसवी, आणि गावोगाव फिरणारे वैदू मोतीबिंदू काढीत. काढीत म्हणजे काय, तर अणकुचीदार हत्याराने तो बाहुलीच्या मागे ढकलीत. चार दिवस दिसू लागे, वैदू पुढच्या गावी जाई, आणि पुढे डोळा पिकला तर दोष नशिबाला. पोटाच्या आतला आजार मात्र कोणाच्याच हातातला नव्हता. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इस्पितळे आली आणि त्यांवर 'सिव्हिल सर्जन' आला. अजूनही आपण जिल्हा रुग्णालयाला 'सिव्हिल' म्हणतो, ते त्याच्यामुळे. हा एकटा माणूस शस्त्रक्रिया करी, प्रेते तपासी, कोर्टात साक्ष देई आणि पुष्कळ ठिकाणी तुरुंगाची देखरेखही करी. तालुक्याच्या दवाखान्यात मलमपट्टी, कुनैन आणि मिश्रणाच्या बाटल्या, एवढाच कारभार असे.

अशा काळात मिरजेत एक वेगळी गोष्ट घडली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १८६५ साली जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. आधी सांगलीस दवाखाना चालवून मग ते मिरजेस गेले, आणि तेथे १८९४ मध्ये त्यांचे इस्पितळ उघडले. मिरज काही मोठे शहर नव्हते. पटवर्धनांच्या संस्थानाचे ते गाव, सतार-तंबोऱ्यांसाठी नावाजलेले. पण तेथे आगगाडी होती. पुण्याकडून, कोल्हापुराकडून आणि बेळगावाकडून येणारे रूळ मिरजेत भेटत. त्यामुळे मुंबईपासून दूर असलेल्या मुलखातले रोगी खाटेवर, बैलगाडीत, मग आगगाडीत, असे करीत तेथे पोहोचू लागले. डोळ्यांची, मूतखड्याची, गाठींची, पोटाची ऑपरेशने एका जहागिरीच्या गावात होऊ लागली, आणि 'मिरजेला नेले' हे शब्द दक्षिण महाराष्ट्रात शेवटचा उपाय केल्याच्या अर्थाने रुळले.

वानलेस यांचा हात चांगला होता हे खरे. पण माझ्या मते त्यांचे मोठे काम निराळेच आहे. एक सर्जन म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. हत्यारे उकळणारा माणूस पाहिजे, भूल देणारा पाहिजे, रात्री रोग्याची नाडी पाहणारी बाई पाहिजे. विलायतेहून अशी माणसे किती आणणार? म्हणून १८९७ मध्ये त्यांनी तेथेच वैद्यकीय शाळा काढली, आणि परिचारिकांना तयार करण्याचे कामही तेथेच सुरू झाले. आसपासच्या गावांतली मुले-मुली शिकून तयार झाली. जी माणसे त्या मातीतली होती, ती टिकली. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले, त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. १९२८ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९३३ मध्ये ते वारले. धर्मप्रसाराचा हेतू त्यामागे होता, तो त्यांनी कधी लपविलाही नाही. त्याबद्दल कोणाचे काही मत असो, पण टेबलावर झोपलेल्या रोग्याच्या भोवती किती माणसे उभी असावी लागतात, हा हिशेब मिरजेने घालून दिला.

आता थोडे डॉक्टरांच्या प्रकारांविषयी. त्या काळी डॉक्टर दोन तऱ्हेचे. एक पदवीधर, म्हणजे विद्यापीठाचे. दुसरे परवानाधारक, थोड्या वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मेडिकल स्कुलातून बाहेर पडणारे. मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली आणि तिची एल.सी.पी.एस. ही पाटी महाराष्ट्राच्या बाजारगावांतून दिसू लागली. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणचा तालुक्याचा डॉक्टर बहुधा हाच असेल.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. तिने मोजणी केली, तेव्हा नोंदलेले डॉक्टर निघाले ४७,५२४, म्हणजे साधारण ६,३०० माणसांमागे एक. त्यांपैकी २९,८७० परवानाधारक होते. शिकलेल्या परिचारिका साऱ्या देशात सुमारे सात हजार. पुढे कधी तरी दहा-वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे इस्पितळ असावे, असे मोठे स्वप्न त्या समितीने मांडले. त्याच अहवालात दुसरीही एक शिफारस होती : डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, तो पदवीधर असावा, परवान्याचा अभ्यासक्रम बंद करावा. समितीतल्या काही सभासदांनी निराळी टिपणी जोडली. माणसे इतकी तोकडी असताना हा मार्ग एकदम तोडू नका, असा तिचा आशय होता.

बहुमताचे म्हणणे चालले. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ मध्ये कॉलेज झाली, नागपूरची रॉबर्टसन स्कूल १९४७ मध्ये. खेड्याला दुय्यम डॉक्टर का, हा बहुमताचा सवाल न्यायाचाच होता. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने दोन प्रकारच्या नागरिकांसाठी दोन प्रकारचे डॉक्टर मान्य करावेत, हे कोणाला पटेल? पण परिणाम काय झाला ते पाहा. दुय्यम गेला आणि त्याच्या जागी अव्वल आला नाही. पुष्कळ ठिकाणी जागाच रिकामी राहिली. हा निर्णय चूक होता असे मी ठामपणे म्हणणार नाही. मात्र त्याची किंमत शहराने मोजली नाही, एवढे म्हणेन.

येथे आफ्रिकेतील मोझांबिकची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७५ मध्ये तो देश पोर्तुगिजांपासून मुक्त झाला आणि बहुतेक डॉक्टर बोटी-विमानांनी निघून गेले. १९८४ पासून त्यांनी अनुभवी आरोग्यसेवकांना तीन वर्षांचे शिक्षण देऊन शस्त्रक्रियेचे तंत्रज्ञ तयार करायला घेतले. ही माणसे डॉक्टर नव्हेत. पण आडलेल्या बाळंतिणीचे पोट उघडून मूल काढणे, आतडे अडकले तर सोडवणे, ही कामे ती करू लागली. पुढे पाहणी झाली, तेव्हा नेमणुकीनंतर सात वर्षांनी त्यांपैकी शंभरांत ८८ जण जिल्ह्याच्या इस्पितळांत टिकून होते. त्याच इस्पितळांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी सात वर्षांनी एकही उरला नव्हता. २००२ मध्ये जिल्हा इस्पितळांतल्या बाळंतपणाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी शंभरांत ९२ यांच्याच हातून झाल्या. आपल्याकडे हा मार्ग डॉक्टरांच्या संघटनांना कधी पसंत पडला नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आयुर्वेदातील शल्यशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया शिकविण्याची अधिसूचना निघाली, त्या वेळी डिसेंबरात देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवले होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणे झाले. तालुक्याच्या रिकाम्या थेटरबद्दल मात्र थोडेच.

बरे, आपल्या व्यवस्थेकडे परत येऊ. २ ऑक्टोबर १९५२ पासून समाजविकास गटांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. देवी टोचणे, हिवतापाची फवारणी, बाळंतपणे ही कामे त्यांनी केली आणि पुष्कळ केली. शस्त्रक्रिया त्यांच्या आवाक्याबाहेरच होती. १९८० नंतर त्यांच्या वरची पायरी बांधली गेली. तिला केंद्र सरकार सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणते, आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतो. तीस खाटा, सपाट मुलखात एक लाख वीस हजार वस्तीमागे एक, डोंगराळ व आदिवासी भागात ऐंशी हजारांमागे एक. त्यात चार तज्ज्ञ ठरले : सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. भूल देणारा तीत नाही. म्हणजे सर्जन नेमायचा, स्त्रीरोगतज्ज्ञ नेमायचा, थेटर बांधायचे, आणि रोग्याला झोपवायचे कोणी, ते लिहायचेच राहून गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि नवी मानके ठरू लागली, तेव्हा कुठे भूलतज्ज्ञाचे नाव कागदावर चढले. आणि ज्यांची नावे आधीपासून होती, त्यांचे तरी काय? केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे ३१ मार्च २०२२ रोजी देशातील ग्रामीण भागातील या केंद्रांत सर्जनची शंभरांत सुमारे ८३ जागांची तूट होती, स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.

भूल हा विषय शहरातल्या माणसाला किरकोळ वाटतो, म्हणून तो थोडा खोलात सांगतो. १८४६ मध्ये बोस्टनला ईथर आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोला क्लोरोफॉर्म वापरले गेले. आपल्या उष्ण हवेत ईथर नांदणे कठीण. ते पस्तीस अंशांच्या आतच उकळू लागते, मग वऱ्हाडातल्या मे महिन्यात बाटलीचे बूच काढताच निम्मे हवेत जायचे. शिवाय ते पेट घेते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून कंदिलाच्या उजेडात काम करायचे तर कंदील उंच टांगावा लागे. क्लोरोफॉर्म पेटत नाही, थोडे पुरते. पण ते कधी कधी निरोगी माणसाचेही हृदय एकाएकी बंद पाडते. हैदराबादेत निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये यावर दोन चौकशी मंडळे बसली, आणि श्वासावर नजर ठेवा म्हणजे भीती नाही, असे त्यांनी सांगितले. ते म्हणणे पुढे पुरते टिकले नाही. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर बाई क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत. जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

छोट्या इस्पितळांत मात्र वर्षानुवर्षे हे काम कंपौंडर नाहीतर नर्सबाई करीत आली. तोंडावर तारेची जाळी, तिच्यावर फडके, आणि फडक्यावर थेंब थेंब औषध. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची रीत १८९८ मध्ये निघाली. तिने खेड्यातल्या सर्जनला मोठा आधार दिला, कारण सुई आपणच द्यावी, रोग्याला निजवावे, हात धुवावेत आणि आपणच चाकू घ्यावा, हे त्यात जमते. जमते, पण रक्तदाब एकाएकी उतरला तर बघणार कोण? हातमोजे घातलेला माणूस एकाच वेळी दोन्हीकडे नसतो. सरकारने अलीकडे एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवडे भूल शिकवून तालुक्याला पाठविण्याची योजना चालविली, ती याच अडचणीपोटी. शिकून आलेला डॉक्टर जेथे सर्जन नाही अशा ठिकाणी बदलून गेला, की तेही शिक्षण कपाटात पडते. जोडीतला एक असून चालत नाही.

जोडीवरून आठवले. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी काम सुरू केले. डॉ. प्रकाश आमटे शल्यशास्त्राचे पुढचे शिक्षण अर्धे सोडून तेथे गेले, आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचे शिक्षण नेमके भूलशास्त्राचे. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, अशा जागी वर्षानुवर्षे रोग्यांना उपचार मिळाले, त्यात या योगायोगाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातल्या आडगावच्या खाजगी दवाखान्यांतही तुम्हाला हेच दिसेल. नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ. फार चांगली गोष्ट आहे. पण लग्ने जुळवून तालुक्याला तज्ज्ञ पुरविण्याची योजना कोणत्या सरकारला आखता येईल?

माणसे राहत नाहीत म्हटल्यावर शहराची माणसे चार दिवस खेड्यात न्यायची, ही शिबिराची कल्पना निघाली. मोतीबिंदूच्या शिबिरांनी पुष्कळांना दृष्टी दिली. पण शिबिरात संख्या मोजण्याची सवय लागते. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या आणि लगतच्या शिबिरांतल्या मिळून १३ स्त्रिया दगावल्या. हत्यारे दोन रोग्यांच्या मध्ये नीट निर्जंतुक व्हायला जो वेळ लागतो, तेवढाच धरला तरी ८३ चा हिशेब बसत नाही, हे कोणाही शिक्षकाला फळ्यावर मांडून दाखवता येईल. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

साधनांच्या बाबतीत मात्र खेड्यातला सर्जन हातावर हात ठेवून बसला नाही. प्रेशर कुकरसारख्या भांड्यात स्टोव्हवर हत्यारे वाफवणे ही तर जुनीच रीत. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी आणखी पुढची गोष्ट केली. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत कमकुवत जागी जाळी शिवतात. कंपनीची जाळी शेतमजुराला परवडत नाही, आणि जाळीवाचून टाके ताणले जाऊन अंतर्गळ परत येण्याचा धोका वाढतो. डॉ. टोंगावकरांनी मच्छरदाणीचे कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरले. त्यांनी आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांनी ३५९ अंतर्गळांचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पुष्कळांनी नाके मुरडली. मग युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली, निम्म्यांना कंपनीची जाळी आणि निम्म्यांना मच्छरदाणीची. वर्षानंतर दोहोंत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

राहिले रक्त. जाळीला मच्छरदाणी चालते, रक्ताला पर्याय नाही. पूर्वी छोट्या इस्पितळात रीत सोपी होती. भाऊ, नवरा, शेजारी यांचे रक्त तपासायचे, गट जुळला की बाटलीत घ्यायचे आणि ताजे ताजे चढवायचे. शहरांत मात्र रक्त विकणाऱ्यांचा धंदा वाढला होता, त्यात एड्स आणि काविळीचे भय आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, १ जानेवारी १९९८ पासून विकत घेतलेले रक्त बंद झाले, आणि १९९९ मध्ये नियम आणखी कडक झाले. रक्त घ्यायचे तर परवाना असलेल्या रक्तपेढीनेच. निर्णय योग्य कारणासाठी होता, त्याने पुष्कळ जीव वाचले असतील. पण रक्तपेढीला ठरावीक जागा पाहिजे, यंत्रे पाहिजेत, खास शिकलेला डॉक्टर पाहिजे. आणि नात्याच्या माणसाचे रक्त घेऊन तेथल्या तेथे देण्याची जुनी रीत बेकायदा ठरली. सीमेवरच्या छोट्या लष्करी इस्पितळांना त्यातून सूट मिळाली. खेड्यातले सर्जन तेव्हापासून विचारीत आले आहेत की, सर्व तपासण्या करून आम्हीही तसेच दिले तर काय बिघडले? २००१ मध्ये तोडगा म्हणून रक्तसाठवण केंद्रे निघाली. मोठ्या रक्तपेढीतून तयार पिशव्या आणायच्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या शीतकपाटात ठेवायच्या. त्यासाठी शीतकपाट चालू पाहिजे, वीज गेली तर जनित्रात डिझेल पाहिजे, आणि रात्री पिशवी जुळवून देणारा तंत्रज्ञ मुक्कामाला पाहिजे.

यातले एक जरी नसले, तर सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईचा नवरा, थेटरात सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही हात धुऊन उभे असताना, मोटारसायकलवर मागे बसून, बर्फ घातलेला थर्मोकोलचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे निघालेला असतो.